पैठणच्या वाटेने प्राचीन ग्रीक

गोदाकाठचे पैठण आणि तेरणाकाठचे तेर ही मराठवाड्यातील दोन गावे इसवी सनाच्या पहिल्या शतकात इतकी नावाजलेली होती की, इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराची माहिती लिहून काढताना त्यांची नावे, तेथवर पोहोचण्यास लागणारे दिवस आणि तेथून येणारा माल या सर्वांची नोंद केली. त्याचे स्वतःचे नाव कालौघात हरवले; पण ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे ६६ लहान परिच्छेदांचे पुस्तक टिकले आणि दख्खनच्या प्राचीन इतिहासाचे ते एक प्रमुख साधन ठरले. ‘पेरिप्लस’ म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या जलप्रवासाचे वर्णन, तर ‘एरिथ्रियन समुद्र’ या नावात त्या काळचे ग्रीक लोक तांबड्या समुद्राबरोबर अरबी समुद्र आणि त्यापलीकडचे पाणीही धरत असत.

मराठी वाचकाला या पुस्तकातील मजकूर बहुधा इंग्रजी भाषांतरावरून केलेल्या सारांशातून भेटतो, म्हणजे आपल्याच गावाची साक्ष त्याला दोन हातांवरून आलेली मिळते. छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) राहणाऱ्या जिज्ञासूने थोडे ग्रीक शिकून ही साक्ष मुळातून वाचणे शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारी अभ्याससहलींची ठिकाणे त्याच्या शहराभोवतीच पसरलेली आहेत. सकाळी व्याकरण आणि दुपारी पुरातन स्थळ अशा पद्धतीने प्राचीन भाषा शिकवण्याचे उन्हाळी वर्ग युरोपात रुजलेले आहेत; अथेन्समध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन अभिजात विद्या संस्थेच्या उन्हाळी सत्रांत तर स्थळदर्शन हाच अभ्यासाचा कणा असतो. त्या पद्धतीचे तत्त्व असे की, मजकूर ज्या भूमीविषयी आहे त्या भूमीवर तो वाचला म्हणजे शब्द आणि वस्तू एकमेकांना आधार देतात. पेरिप्लसमधील दख्खनविषयीचे परिच्छेद या तत्त्वाने वाचायचे तर त्यांची भूमी पैठणपासून तेरपर्यंत पसरलेली आहे.

कोणते ग्रीक शिकायचे?

‘प्राचीन ग्रीक’ ही एकजिनसी भाषा नव्हती. होमरच्या महाकाव्यांची भाषा, अथेन्सच्या नाटककारांची आणि प्लेटोची ॲटिक बोली, आयोनियन, डोरिक आणि इओलियन या इतर बोली अशी तिची अनेक रूपे होती. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर इजिप्तपासून अफगाणिस्तानापर्यंतच्या प्रदेशात ॲटिकच्या पायावर एक सोपे झालेले व्यवहाराचे रूप पसरले, त्याला ‘कोइने’, म्हणजे सर्वांची सामायिक भाषा, असे म्हणतात. सम्राट अशोकाने कंदाहार येथे ग्रीक आणि अरामाईक अशा दोन भाषांत कोरवलेला आणि १९५८ साली उजेडात आलेला लेख याच सामायिक ग्रीकच्या परंपरेतला असून त्यात ‘धम्म’ या कल्पनेसाठी ‘एउसेबेइया’, म्हणजे श्रद्धायुक्त सदाचरण, हा शब्द योजलेला आहे. पेरिप्लसचा लेखकही कोइनेच लिहितो, तीही व्यापाऱ्याची, आटोपशीर आणि अलंकारहीन. बंदराचे नाव, अंतर, आयात, निर्यात आणि वाऱ्यांचा हंगाम हेच विषय पुन्हापुन्हा येत असल्याने त्याचा शब्दसंग्रह मर्यादित आहे, आणि म्हणून नवशिक्याने प्लेटोपाशी अडखळण्याऐवजी या गद्यापासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते.

मराठी विद्यार्थ्याची जमेची बाजू

ग्रीक वर्णमाला २४ अक्षरांची आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास ग्रीकांनी ती फिनिशियन लिपीवरून घेतली आणि मूळ लिपीत केवळ व्यंजनेच असल्याने तिच्यातील काही चिन्हे स्वरांसाठी वापरण्याची मोठी सुधारणा केली. या वर्णमालेतील थीटा, फाय आणि खाय ही अक्षरे अभिजात काळात थ, फ आणि ख अशी महाप्राण उच्चारली जात, म्हणजे त, प आणि क यांच्याबरोबर श्वासाचा जोर सोडला जाई. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला हा भेद मुद्दाम कानात भरून घ्यावा लागतो. देवनागरीत वाढलेल्या मुलाला तो बाराखडीबरोबरच मिळालेला असतो. इंग्रजीच्या वळणाने आलेला ‘ट’ मात्र येथे सोडून द्यावा लागतो, कारण ग्रीक ‘ताउ’ दंत्य आहे. आपण ज्यांना प्लेटो आणि ॲरिस्टॉटल म्हणतो त्यांची नावे मुळात प्लातोन आणि अरिस्तोतेलेस अशी आहेत.

व्याकरणात हे नाते आणखी दाट होते, कारण ग्रीक आणि संस्कृत या एकाच इंडो-युरोपीय कुळातील भाषा आहेत. संस्कृतातील ‘पितृ’ आणि ‘मातृ’ यांच्या जागी ग्रीकमध्ये ‘पातेर’ आणि ‘मेतेर’ आहेत, ‘अस्ति’च्या जागी ‘एस्ति’, ‘अष्टौ’च्या जागी ‘ओक्तो’, तर ‘सप्त’च्या जागी ‘हेप्ता’, कारण शब्दारंभी स्वरापूर्वी येणारा जुना ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ झाला. संस्कृतातील भ, ध आणि घ यांच्या ठिकाणी ग्रीकमध्ये नियमाने फ, थ आणि ख येतात. ‘भरति’ला ‘फेरेइ’ हे प्रतिरूप आहे. क्रियापदाच्या भूतकाळी रूपाआधी संस्कृतात जसा ‘अ’चा आगम होतो तसा ग्रीकमध्ये ‘ए’चा होतो, धातूच्या पहिल्या अक्षराचे द्वित्व करून रूप साधण्याची रीत दोन्हीकडे आहे, आणि क्रियेचे फळ कर्त्याकडेच वळते असे दाखवणारा ग्रीकचा ‘मध्यम प्रयोग’ संस्कृतातील आत्मनेपदाचा सख्खा भाऊ आहे.

संस्कृत न शिकलेल्या विद्यार्थ्यालाही मराठी पुष्कळ मदत करते. ग्रीकमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, नामाला विभक्तीचा प्रत्यय लागत असल्याने वाक्यातील शब्दांचा क्रम बराच मोकळा राहतो, आणि ‘जाणारा’, ‘गेलेला’, ‘नेला जात असलेला’ अशा धातुसाधित विशेषणांवर ग्रीक गद्याची लांब वाक्ये तोललेली असतात. ही वाक्ये इंग्रजीत आणताना वारंवार फोडावी लागतात, मराठीत मात्र ती बरीचशी आपल्या मूळ घडणीत उतरू शकतात. अडचणी अर्थातच उरतात. प्रत्येक नामाआधी लिंग, वचन आणि विभक्ती यांनुसार बदलणारे उपपद मराठीत नाही, शब्दयोगी अव्यये ग्रीकमध्ये नामामागून न येता नामाआधी येतात, आणि क्रियापदाच्या रूपांचा विस्तार पाठांतराशिवाय आवाक्यात येत नाही.

नाण्यावरचा पहिला धडा

पहिल्या धड्यासाठी शहरातच एक चांगले निमित्त आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, त्याला ‘मिलिंद’ आणि त्याच्या परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मेनान्द्रोस, आणि नागसेन म्हणजे त्याच्या शंकांना उत्तरे देणारा बौद्ध भिक्खू. त्या दोघांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. मराठवाड्यातील वंचित समाजाच्या तरुणांना उच्च शिक्षणाचे दार उघडणाऱ्या या संस्थेला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव लाभले, हे तिच्या हेतूला साजेसेच होते.

मेनान्द्रोसची नाणी द्विभाषिक आहेत. एका बाजूस ग्रीक लिपीत ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत आणि प्राकृत भाषेत ‘महरजस त्रतरस मेनद्रस’ असा लेख असतो, आणि दोन्हींचा अर्थ ‘त्रात्या महाराज मेनान्द्रोसचे’ असा, म्हणजे नाणे कोणाचे हे सांगणारा, आहे. तिन्ही शब्द षष्ठी विभक्तीत असून मूळ रूपे ‘बासिलेउस’, ‘सोतेर’ आणि ‘मेनान्द्रोस’ अशी आहेत. प्राकृतात तिन्हींना एकच ‘स’ प्रत्यय पुरतो, ग्रीकमध्ये मात्र दोन शब्दांना ‘ओस’ आणि तिसऱ्याला ‘ऊ’ लागतो, कारण तो निराळ्या नामगणातला आहे. ग्रीक नामांचे गण म्हणजे काय हे विद्यार्थ्याला येथेच कळू लागते. अशाच द्विभाषिक नाण्यांवरील परिचित ग्रीक बाजूच्या आधाराने १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप आणि इतर संशोधकांनी खरोष्ठी उलगडली, आणि ब्राह्मीच्या उलगड्यातही अगाथोक्लेस या ग्रीक राजाच्या नाण्याची ख्रिस्तियान लासेनला मदत झाली. भारतीय लिप्यांच्या वाचनाच्या इतिहासात ग्रीक भाषा अशी किल्लीसारखी उपयोगी पडलेली आहे.

याच्या पुढची पायरी महाराष्ट्रातील आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षहरात क्षत्रप नहपान याची नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवला होता. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या दिसतात, परंतु तेथील ग्रीक अक्षरे ग्रीक भाषा सांगत नाहीत. राजाच्या प्राकृत पदव्याच त्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ही अक्षरे अर्थ हरवून केवळ नक्षीपुरती उरतात. लिपी आणि भाषा या भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांचे आयुष्यही वेगवेगळे असू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

पैठण: एका अक्षराची दुरुस्ती

पैठण छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. पेरिप्लसच्या एक्कावन्नाव्या परिच्छेदानुसार बारिगाझा, म्हणजे आजचे भडोच, या बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेकडे सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर लागते. दोन्ही ठिकाणचा माल गाड्यांतून, मोठ्या बिकट प्रदेशांतून भडोचला जातो, आणि त्यात पैठणचा गोमेद जातीचा पट्टेदार दगड विपुल असतो. दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांमध्ये असे अकीक आणि गोमेद तयार होतात व नद्यांच्या गोट्यांत मिसळून येतात, म्हणून गोदावरीच्या पात्राशेजारी उभे राहून हा परिच्छेद वाचणाऱ्याला पैठणच्या व्यापाराचे भूशास्त्रीय कारणही समजते. बैलगाडी दिवसाकाठी वीसएक किलोमीटर चालते असे धरले तर वीस दिवसांचा आकडा भडोच-पैठण या अंतराशी बऱ्यापैकी जुळतो, हे विद्यार्थी नकाशावर स्वतः पडताळू शकतात.

या परिच्छेदात संहितासंपादनाचाही धडा दडलेला आहे. पेरिप्लसची मुख्य हस्तलिखित प्रत दहाव्या शतकातील असून ती जर्मनीतील हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे मूळ लेखन आणि ही प्रत यांच्यामध्ये सुमारे नऊ शतके आणि अनेक नकलाकार आहेत. प्रतीमध्ये गावाचे नाव ‘प्लिथाना’ असे पडते. ग्रीक मोठ्या अक्षरांत आल्फाची मधली आडवी रेघ गळली की लॅम्डा उरतो, म्हणजे ‘पैथाना’चे ‘प्लिथाना’ होण्यास एका रेघेची चूक पुरते. टॉलेमीने इसवी सन १५०च्या सुमारास रचलेल्या भूगोलग्रंथात हेच गाव ‘बैथाना’ या नावाने, सिरो पोलेमाइओस राजाची राजधानी म्हणून येते. हा राजा म्हणजे सातवाहन नृपती श्री पुळुमावी, ही ओळख रा. गो. भांडारकरांनी १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या इतिहासात आधारासाठी वापरली आणि सातवाहनांचा कालक्रम जुळवण्यास तिचा मोठा उपयोग झाला. ग्रीक वर्णमाला ओळखणारा विद्यार्थी ही दुरुस्ती कोणाच्या भरवशावर न स्वीकारता स्वतःच्या डोळ्यांनी तपासू शकतो.

तगर, नेवासे आणि पितळखोरे

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला आणि देवगिरी तसेच जुन्नर यांसह अनेक नावे पुढे आली. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी ते धाराशिव जिल्ह्यातील तेर होय असे दाखवून दिले. पेरिप्लसमध्ये तगरचे वर्णन फार मोठे शहर असे असून तेथून साधे जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे आणि ‘मोलोखिना’ नावाचे वस्त्र येत असल्याचे सांगितले आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात गावातून मिळालेल्या सातवाहनकालीन वस्तूंचा मोठा संग्रह आहे आणि त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. इटलीतील पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, आणि तेथे १९३८ साली अशाच भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही या वळणाची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. पेरिप्लसने नोंदवलेल्या मार्गांवरून दख्खनच्या कारागिरांचे काम भूमध्य सागरापर्यंत जात होते, असे या वस्तू सांगतात.

उलट दिशेने येणाऱ्या मालाचा पुरावा नेवाशास आहे. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात तेथे ‘अँफोरा’चे, म्हणजे दोन कानांच्या आणि निमुळत्या बुडाच्या उंच मातीच्या कुंभांचे, तुकडे मिळाले. भूमध्य प्रदेशातील मद्य आणि तेल अशा कुंभांतून जात असे, आणि भडोचच्या आयातीच्या यादीत पेरिप्लसने पहिले नाव मद्याचेच दिले आहे. ग्रीक पाठातील हा शब्द आणि मातीचा हा तुकडा एकाच आठवड्यात पाहिलेला विद्यार्थी तो शब्द सहसा विसरत नाही.

कन्नडजवळची पितळखोऱ्याची लेणी या मार्गाची तिसरी बाजू दाखवतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेल्या या बौद्ध लेण्यांतील ब्राह्मी लेखांत पैठणच्या दात्यांची नावे येतात आणि त्यांत मितदेव हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. ग्रीक लेखक ज्या बाजारपेठेकडे बंदरावरून पाहतो, तिच्यातील माणसे येथे आपल्या स्वतःच्या भाषेत बोलतात. दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्याशिवाय पैठणचे चित्र पूर्ण होत नाही.

यवनांचे प्राकृत

दूरची सहल नाशिकच्या पांडवलेण्यांची असावी. तेथील सतरा क्रमांकाच्या लेण्यातील लेखानुसार ते लेणे दत्तामित्री येथील ‘उत्तरेकडील योनक’ धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने खोदवले. ‘योनक’ आणि ‘यवन’ ही रूपे आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराणमार्गे भारतात आली. पुढे पश्चिमेकडील इतर लोकांनाही ती लावली गेल्याने प्रत्येक यवन वंशाने ग्रीकच होता असे मानता येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत आणि जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद्र या यवनांची दाने नोंदलेली आहेत. हे सर्व लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. परदेशी ओळख सांगणारे हे लोक दान देताना स्थानिक भाषा आणि धर्म स्वीकारतात, तर त्याच नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राला शक, यवन आणि पहलव यांचा संहार करणारा म्हटले आहे. स्वीकार आणि संघर्ष या दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर कोरलेल्या असल्याने तेथे कोणताही एकरंगी निष्कर्ष टिकत नाही.

केडगावचा आदर्श

मराठी माणसाने मुळातून ग्रीक शिकून मराठीसाठी मोठे काम करावे, याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाई यांचे आहे. लहानपणीच संस्कृतात पारंगत झालेल्या रमाबाईंनी प्रौढपणी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात राहून संपूर्ण बायबलचे मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर केले. उपलब्ध भाषांतरांची भाषा सामान्य स्त्रियांना कळत नाही, या जाणिवेतून त्यांनी हे काम हाती घेतले, १९२२ साली मृत्यूच्या थोडे आधी ते पूर्ण केले, आणि सदनातील स्त्रियांच्या श्रमांवर चालणाऱ्या छापखान्यातून ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. बायबलचा नवा करार कोइने ग्रीकमध्ये आहे आणि त्याचा बराच भाग पेरिप्लसच्याच शतकातला आहे, म्हणजे रमाबाईंनी केडगावात जी भाषा शिकून घेतली तीच पैठणच्या व्यापाराचे वर्णन करणाऱ्या लेखकाची भाषा होय. संस्कृताच्या पायावर ग्रीक उभे करून त्याचे फळ साध्या मराठीत आणण्याचा मार्ग त्यांनी शंभर वर्षांपूर्वी चालून दाखवला.

थोड्या अवधीत काय साधते?

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाकडून अवास्तव अपेक्षा धरू नयेत. काही आठवड्यांत होमर किंवा सोफोक्लेस वाचता येत नाही. लिपी, उच्चार, उपपद, नामांचे तीन मुख्य गण, क्रियापदाचा वर्तमान आणि साधा भूतकाळ, नेहमीची धातुसाधिते आणि काहीशे शब्द एवढे मात्र नेटाने शिकता येते, आणि त्या बळावर शब्दकोश जवळ ठेवून पेरिप्लसचे दख्खनविषयीचे परिच्छेद वाचता येतात. त्यासाठी व्याकरणाची मांडणी इंग्रजी पुस्तकांच्या क्रमाने न करता मराठीच्या सोयीने करावी लागेल. विभक्तींना प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन ही ओळखीची नावे द्यावीत, तृतीया आणि सप्तमी यांचे काम ग्रीकमध्ये बहुतांशी चतुर्थीकडे आणि पंचमीचे षष्ठीकडे गेले आहे हे आरंभीच सांगावे, मध्यम प्रयोगाचा परिचय आत्मनेपदावरून करून द्यावा, आणि उदाहरणवाक्ये पैठण, तगर, शूर्पारक आणि कल्याण यांच्यावर रचावीत. सहलीआधी त्या स्थळाविषयीचा ग्रीक मजकूर वाचून झालेला असावा आणि परतल्यावर तो पुन्हा वाचला जावा, म्हणजे भाषा आणि स्थळदर्शन दोन्ही पक्के होतात.

असा अभ्यास ग्रीसच्या थोरवीचे कौतुक करण्यापुरता राहिला तर त्याचे निम्मे मोल वाया जाईल. दख्खनच्या इतिहासाची साधने प्राकृत, संस्कृत, तमिळ, ग्रीक आणि लॅटिन अशा अनेक भाषांत विखुरलेली आहेत, आणि ज्या समाजात ही सर्व साधने मुळातून वाचणारी माणसे असतात त्या समाजाला आपला भूतकाळ दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागत नाही. भांडारकरांच्या पिढीने ही क्षमता कष्टाने मिळवली होती आणि आज ग्रंथ, छायाप्रती व कोश घरबसल्या मिळत असताना ती पुन्हा मिळवणे तितके अवघड नाही. मराठवाड्यातील वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा एक गट दरवर्षी पेरिप्लसचा एक्कावन्नावा परिच्छेद मुळातून वाचू लागला आणि त्यातील एखाद्या-दुसऱ्याने पुढे ग्रीकचा पूर्ण अभ्यास केला, तरी पैठण आणि तेरच्या इतिहासाला मराठीत बोलणारे नवे अभ्यासक मिळतील.